पिशवी, दंड आणि शेजारी

महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घालणारी अधिसूचना काढली ती २३ मार्च २०१८ रोजी. तीन महिन्यांची सवड देऊन २३ जूनपासून दंडवसुलीस आरंभ झाला. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० आणि तिसऱ्यास २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंतचा कारावास, असे ते दंडाचे चढते कोष्टक होते. पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनेही एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी घातली. तेव्हा कायद्याच्या बाजूने काही उणे राहिले आहे, असे म्हणवत नाही. लोकशिक्षणाची बाजूही अगदीच लंगडी नाही. शाळेतल्या निबंधापासून बसथांब्यावरच्या फलकापर्यंत पर्यावरणाचा महिमा सर्वत्र गाइला जात आहे. आणि तरीही संध्याकाळच्या वेळी कोणत्याही भाजीबाजारात पाच मिनिटे उभे राहून पाहावे. गाडीच्या खालून हळूच निघालेली पातळ कॅरीबॅग, तीत पाव किलो मिरच्या, आणि ती निःसंकोच हातात घेऊन चालू लागणारा गृहस्थ बहुधा पदवीधर!

हा गृहस्थ अडाणी नाही, आणि दुष्ट तर मुळीच नाही. गाईच्या पोटातील प्लॅस्टिकच्या गोळ्यांविषयी त्याने वाचलेले असते. तो मुंबईकर असेल तर २६ जुलै २००५ चा दिवस तो विसरलेला नसतो. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शेकडो माणसे प्राणास मुकली, आणि कमरेएवढ्या पाण्यातून तो किंवा त्याच्या घरातले कोणीतरी चालत आलेले असते. गटारे कशाने तुंबतात हे त्याला सांगावे लागत नाही. त्या प्रलयानंतर, २००६ मध्ये, राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई करणारे नियम केले, तेव्हा त्याने त्यांचे मनापासून स्वागतच केले असेल. म्हणजे ज्ञान आहे, सद्भावना आहे आणि दंडाचा धाकही आहे. आचरण तेवढे नाही. हे कोडे कसे सोडवावयाचे?

याचे एक ठरलेले उत्तर आपल्या दिवाणखान्यांतून नित्य ऐकू येते. ‘आपला समाजच बेशिस्त! इथे कोणीच काही पाळत नाही!’ हे उत्तर आम्हाला आळशीपणाचे वाटते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ते केवळ निरुपयोगी नाही, ते अपायकारक आहे. हा आमचा तर्क नव्हे. मानसशास्त्रज्ञांनी तो प्रयोगाने पडताळून पाहिला आहे, आणि त्यांची हकीकत आमच्या महानगरपालिकांनी, गृहनिर्माण संस्थांच्या चिटणीसांनी आणि उपदेशाची आवड असलेल्या सर्वांनीच लक्षपूर्वक ऐकण्यासारखी आहे.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात एक राष्ट्रीय उद्यान आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे खोड तिथे दगड होऊन पडले आहे. येणारे प्रवासी आठवण म्हणून त्याचा एखादा तुकडा खिशात घालतात, आणि असे हजारो खिसे भरता भरता ती संपत्ती झिजत जाते. रॉबर्ट चिआल्डीनी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तेथील पायवाटांवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि निरनिराळ्या पाट्या लावून पाहिल्या. एका पाटीचा आशय असा, की पूर्वी आलेल्या अनेक प्रवाशांनी येथील तुकडे नेले आणि त्यामुळे या वनाचे रूप पालटले आहे. दुसऱ्या पाटीवर, वनाचे रक्षण व्हावे म्हणून तुकडे नेऊ नयेत, एवढीच साधी विनंती होती. पहिल्या पाटीजवळ सुमारे ८ टक्के तुकडे चोरीस गेले. दुसरीजवळ २ टक्क्यांहूनही कमी. चोरीविरुद्ध हळहळून लिहिलेल्या पाटीनेच चोरी वाढविली! कारण त्या पाटीतला उपदेश वाचणाऱ्याच्या मनात राहिला नाही, त्यातली बातमी तेवढी राहिली; आणि बातमी अशी होती की, सगळेच नेतात.

वर्गात काही वर्षे काढलेल्या कोणत्याही शिक्षकाला यात नवल वाटणार नाही. आम्ही स्वतः एके काळी शाळेत शिकविले आहे. ‘या वर्गात कोणीच गृहपाठ करीत नाही’ असे एखादे नवखे मास्तर संतापून म्हणाले, की त्या दिवसापर्यंत इमानाने गृहपाठ करणारी दहा-बारा मुले एकमेकांकडे कशी पाहतात, ते पाहण्यासारखे असते. आपण एकटेच वेडे होतो की काय, असा भाव त्या चेहऱ्यांवर उमटतो. ‘शहराची कचराकुंडी झाली, नागरिक बेफिकीर’ अशा मोठ्या टायपातल्या मथळ्याने सकाळच्या चहाबरोबर नेमके हेच घडते. कचरा वेगळा करणारे घर त्या दिवशी मनातून थोडे खचते. न करणाऱ्या घराला मात्र निश्चिंती लाभते.

माणूस शेजाऱ्याकडे पाहून वागतो, यात नवीन ते काय, असे कोणी विचारील. नवीन हे, की तो तसा वागतो हे त्याला स्वतःला ठाऊक नसते. कॅलिफोर्नियात काही घरांच्या दारांवर वीज वाचविण्याचे आवाहन करणारी पत्रके अडकविण्यात आली. कोणाच्या पत्रकात निसर्गरक्षणाचे कारण होते, कोणाच्या पुढील पिढ्यांविषयीच्या कर्तव्याचे, कोणाच्या पैशाच्या बचतीचे. आणि काहींच्या पत्रकात एवढेच होते, की तुमच्या वस्तीतील बहुसंख्य लोक हे करीत आहेत. लोकांना विचारले तेव्हा, शेजारी काय करतात याचा आपल्यावर सर्वांत कमी परिणाम होतो, असे त्यांनी ठामपणे सांगितले. मीटरने मात्र वेगळीच साक्ष दिली. सर्वाधिक बचत त्या शेवटच्या पत्रकाच्या घरांत झाली होती. हा शोध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुशिक्षित माणसाचा अहंकार असा, की तो युक्तिवादाने चालतो. त्याच्या विजेच्या मीटरला हा अहंकार मान्य नाही.

परंतु शेजाऱ्याचे हे औषध मात्रा चुकल्यास उलटते, हेही सांगितले पाहिजे. त्याच राज्यातील सॅन मार्कोस या गावी सुमारे २९० घरांना त्यांचा स्वतःचा वीजवापर आणि वस्तीची सरासरी कळविण्यात आली. सरासरीहून अधिक वीज जाळणारे खाली आले. पण जे आधीच काटकसरीने राहत होते ते वर चढले. आपण उगीचच उकाडा सोसत होतो, असे त्यांना वाटले असावे. तेव्हा काटकसरी घरांच्या पत्रकावर केवळ एक हसऱ्या चेहऱ्याचे चिन्ह काढण्यात आले, आणि त्यांचा वापर पुन्हा वाढेनासा झाला. प्रौढ, घरंदाज, कर भरणारी माणसे, आणि त्यांना हवा होता वहीवरच्या ‘शाब्बास’एवढा शेरा! यात हसण्यासारखे काही नाही. चांगल्या वागणुकीची दखल घेणारा कोणीतरी आहे, एवढेच माणसाला हवे असते, आणि आपली सारी शासनयंत्रणा दखल घेते ती केवळ गुन्ह्याची.

इथे व्यवहारी वाचक म्हणेल, की चिन्हे आणि शेरे राहू द्या, खिशाला चाट बसली की सगळे सुधारतात. या समजुतीलाही प्रयोगाची कसोटी लागलेली आहे. इस्रायलमधील हैफा शहरात काही बालवाड्यांतून मुलांना न्यावयास आईबाप उशिरा येत. म्हणून उशीर करणाऱ्यांना लहानसा दंड ठेवण्यात आला. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की दंडानंतर उशिरा येणारे जवळजवळ दुप्पट झाले, आणि दंड काढून टाकल्यावरही संख्या खाली आली नाही. तोवर उशीर करताना बाईंपुढे संकोच वाटत असे. दंड सुरू झाला आणि उशिराची किंमत ठरली. किंमत मोजली म्हणजे संकोचाचे कारण उरत नाही. आपल्याच देशात अनंत सुदर्शन यांनी शहरी घरांवर केलेला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याच जातीचा आहे. आपला व आपल्यासारख्या घरांचा वीजवापर दर आठवड्यास कळविल्यावर उन्हाळ्यात वापर ७ टक्क्यांनी घटला. सुमारे साडेबारा टक्के दरवाढीने जेवढा घटला असता तेवढा. मात्र ज्या घरांना या माहितीच्या जोडीला बचतीबद्दल पैशाचे आमिषही दाखविले, तेथे काहीच घट झाली नाही. कर्तव्य म्हणून जे होत होते ते सौदा म्हणून होईना.

मग आयर्लंडचे काय? हा प्रश्न रास्त आहे. त्या देशाने मार्च २००२ मध्ये प्रत्येक प्लॅस्टिक पिशवीवर १५ सेंटांचा कर बसविला, आणि माणशी वर्षाला सुमारे ३२८ पिशव्यांवरून वापर २१ वर आला. तिथे पैशाने काम केलेच की! केले, पण कसे, ते पाहावे. १५ सेंट ही त्या देशात कोणालाही जड जाणारी रक्कम नव्हती. परंतु हा कर वर्षातून एखाद्या अभागी माणसावर वीज कोसळावी तसा कोसळत नव्हता. तो प्रत्येक खरेदीला, प्रत्येक गिऱ्हाईकाला, गल्ल्यापाशी आणि रांगेतल्या माणसांदेखत द्यावा लागे. पिशवी आपोआप हातात येणे बंद झाले. ती मागावी लागली. मागताना क्षणभर थांबावे लागते, आणि आजूबाजूचे घरची पिशवी काढीत असताना आपण विकत मागणे ओशाळवाणे वाटू लागते. शिवाय नियम एकाच दिवशी सर्व दुकानांत लागू झाला, त्यामुळे आपले गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जाईल ही भीती कोणाही वाण्याला उरली नाही.

आता आपल्या भाजीवालीकडे पाहावे. तिला पाच हजारांचा दंड म्हणजे कित्येक दिवसांची कमाई. तो झाला तर ती कोलमडेल. पण तो केव्हा होईल, होईल की नाही, हे पालिकेच्या पथकाच्या फेरीवर अवलंबून. उलट, ‘पिशवी नाही’ असे म्हटल्याबरोबर समोरची बाई पुढच्या गाडीकडे वळते, हा दंड तिला रोज, दर घटकेला होत असतो. दोन्हींपैकी कोणता दंड तिने टाळावा? एकट्या भाजीवालीला यातून सुटका नाही. गिऱ्हाइकाला मात्र आहे, आणि गिऱ्हाईक म्हणजे आपण. बंदीचे खापर फेरीवाल्यांवर फोडणाऱ्या मध्यमवर्गाने एवढे तरी ध्यानात घ्यावे, की पिशवी गाडीखाली दडविलेली असते ती त्याच्यासाठी. एकेका मंडईने एक दिवस ठरवून सर्व गाळ्यांवर आणि गाड्यांवर एकदमच पिशवी बंद केली, कापडी पिशवी अनामत घेऊन देण्याची सोय प्रवेशद्वारापाशीच ठेवली, आणि किती जण घरून पिशवी घेऊन आले याचा आकडा फळ्यावर लिहिला, तर शंभर छाप्यांनी होणार नाही ते कदाचित होऊन जाईल.

आकडा खरा असावा, हे वेगळे सांगावयास नको. खोटा आकडा एकदा उघडकीस आला म्हणजे पुढच्या खऱ्या आकड्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाही. पण खरा आकडाच लाजिरवाणा असेल तर? शंभरातले वीसच ओला-सुका कचरा वेगळा करीत असतील तर? यावरही उपाय सापडला आहे. अमेरिकेत एका उपाहारगृहात काही गिऱ्हाइकांना सांगितले, की ३० टक्के लोक मांस कमी खाण्याचा प्रयत्न करतात. इतरांना सांगितले, की अलीकडे ३० टक्के लोक तसा प्रयत्न करू लागले आहेत. आकडा तोच, एका क्रियापदाचा फरक. पहिल्या गटातील १७ टक्क्यांनी बिनमांसाचे जेवण मागविले, दुसऱ्यातील ३४ टक्क्यांनी. संख्या लहान असली तरी वाढती असेल तर तीच सांगावी. माणूस गर्दीत सामील होतो, तसाच गर्दी होणार असे दिसले तरीही होतो. घरच्या गणपतीचे विसर्जन कृत्रिम तलावात करण्याची रीत आपल्याकडे कशी पसरत गेली, ते ज्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे त्यांना हे पटावे. पहिल्या वर्षी तिथे नाक मुरडणाऱ्यांतले कित्येक पुढे रांगेत उभे दिसले, आणि त्यांना कोणी वादात हरविले होते असे नाही.

शेजाऱ्याइतकाच प्रभावी असा दुसरा एक गुरू आहे; तो म्हणजे सोय. १ जानेवारी २०२० पासून आपल्या देशात तारांकित वातानुकूलन यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावलेली असावीत, असा नियम झाला. कोणाला १८ अंशांवर कुडकुडावयाचे असेल तर त्याला मज्जाव नाही. त्याने बटण दाबावे. पण बहुतेक माणसे जिथे सुरुवात होते तिथेच राहतात, आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशेबाने प्रत्येक अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते. कोणालाही उपदेश न करता झालेली ही सुधारणा आहे, म्हणूनच तिची कोणी फारशी वाखाणणी केली नाही.

सवय मोडण्याचीही एक वेळ असते. इंग्लंडमध्ये पीटरबरो येथे ८०० घरांवर झालेल्या अभ्यासात असे आढळले, की पर्यावरणपूरक सवयी लावण्याचा प्रयत्न नुकतेच घर बदललेल्यांत अधिक फळतो, आणि ही संधी साधारण तीन महिने टिकते. आपल्या शहरांत जुन्या चाळी आणि इमारती पाडून पुनर्विकासाचे मनोरे उभे राहत आहेत. हजारो कुटुंबे दरवर्षी नव्या घराच्या किल्ल्या हाती घेत आहेत. त्या किल्लीबरोबर दोन डबे, कचरा नेण्याच्या वेळांचा कागद आणि जवळच्या बसमार्गांची माहिती द्यावयास विकासकाला किंवा पालिकेला कितीसा खर्च येणार? ते तीन महिने एकदा निघून गेले, की नव्या घरातही जुनीच गृहस्थी मांडली जाते.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. माणसाला न कळत वळविणे म्हणजे त्याची कळसूत्री बाहुली करणे नव्हे काय? आमचे मत असे, की जे खरे आहे ते उघडपणे सांगितले आणि न ऐकण्याची मुभा ठेवली, तर यात फसवणूक होत नाही. व्यापारी तर याच विद्येने आपल्या गळ्यात नको त्या वस्तू कित्येक वर्षे बांधीत आले आहेत, आणि त्यांना कोणी सत्याची अट घातलेली नाही.

आमची खरी धास्ती वेगळी आहे. ही विद्या हाती आली म्हणजे राज्यकर्त्यांना आपले काम नागरिकांच्या मनावर ढकलण्याचा मोह होतो. २००५ च्या प्रलयाची चौकशी माधवराव चितळे यांच्या समितीने केली, तेव्हा प्रश्न पिशव्यांपुरता राहिला नाही. ताशी जेमतेम २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेऊ शकणारी जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था आणि मिठी नदीच्या पात्रातली अतिक्रमणे पुढे आली. ती नागरिकाच्या सवयीने निर्माण झालेली नव्हती आणि सवयीने दूरही होणार नव्हती. जी बस येतच नाही तिच्यात चढण्याची सवय कोणत्या मानसशास्त्राने लावावयाची? घराघरांतून वेगळा केलेला कचरा एकाच गाडीत एकत्र ओतला गेलेला ज्याने एकदा खिडकीतून पाहिला, त्याच्यापुढे सगळे हसरे चेहरे व्यर्थ आहेत. पुण्यात कचरावेचक स्त्रियांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महानगरपालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. ती बाई आपल्या हातांनी तो कचरा निवडणार, हे ज्या घराला ठाऊक आहे त्या घराला फलकाची गरज कमी भासते. पण तिची हातगाडी, तिचे हातमोजे आणि तिचे मानधन वेळेवर मिळावे ही जबाबदारी घराची नव्हे. दोन टक्क्यांचे काम दोन टक्क्यांएवढेच समजावे. अमेरिकेत सुमारे ६ लाख घरांना शेजाऱ्यांशी तुलना करणारी पत्रके पाठविली तेव्हा सरासरी बचत २ टक्के निघाली होती. कागदाच्या खर्चात एवढे मिळणे वाईट नाही. पण त्यावर विसंबून वीजनिर्मितीचे धोरण आखता येत नाही.

एवढी मर्यादा पाळून आमची एक नेमकी सूचना आहे. आपल्या वीजबिलावर मागील महिन्यांतला स्वतःचा वापर छापलेला असतो. त्याखाली आणखी एक ओळ छापावी: याच विभागातील, एवढ्याच मंजूर भाराच्या घरांचा सरासरी वापर किती. कोणाचे नाव नको, घरक्रमांक नको. आणि सरासरीच्या खाली राहिलेल्या घराला दोन शब्द शाबासकीचे असावेत. वीज कंपन्यांनी येत्या उन्हाळ्यात एखाद्या विभागात हा प्रयोग मार्च ते जून चार महिने करून पाहावा, शेजारच्या विभागात तो करू नये, आणि दोहोंचे आकडे पावसाळा संपण्यापूर्वी प्रसिद्ध करावेत. बचत झाली नाही, तर तेही त्याच पानावर छापावे.